लोकलचे डबे वाढवा, पण गर्दीही मोजा

मुंबईची लोकल बारा डब्यांची असावी की पंधरा, हा वाद सातारा-सांगलीच्या वाचकाला दूरचा वाटण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात तो या दोन जिल्ह्यांतील हजारो घरांच्या अगदी जवळचा आहे. पाटण, जावळी, खटाव, माण, शिराळा, आटपाडी या तालुक्यांत असे गाव शोधावे लागेल, ज्याचा एखादा तरी मुलगा मुंबईत नाही. गिरण्या होत्या तेव्हा माणसे गिरण्यांत गेली, बाजारपेठा वाढल्या तेव्हा पाठीवर पोती घ्यायला गेली. ज्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला, ते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. त्या कामगारांची पुढची पिढी आज घणसोली, कोपरखैरणे, भांडुप, डोंबिवली, नालासोपारा अशा ठिकाणी राहते आणि रोज लोकलने कामावर जाते. त्यामुळे लोकलमधून कोणी पडले, तर त्याचा फोन अनेकदा कृष्णा-कोयनेच्या काठावरच्या घरात येतो. पाय गमावलेला तरुण कमावणारा राहत नाही, तेव्हा तो मुंबईच्या भाड्याच्या खोलीत टिकत नाही. तो गावी येतो, आणि त्याच्या पुढच्या उपचारांचा भार गावावर आणि इथल्या सरकारी रुग्णालयांवर येतो.

म्हणून लोकलची गर्दी हा केवळ रेल्वेच्या वेळापत्रकाचा विषय नाही. तो सार्वजनिक आरोग्याचा विषय आहे, आणि त्याच नजरेने त्याकडे पाहिले पाहिजे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २०२३ या एका वर्षात २,५९० जणांचा मृत्यू झाल्याची आकडेवारी मुंबई उच्च न्यायालयासमोर आली होती. म्हणजे दिवसाला सरासरी सात. त्यात सर्वाधिक मृत्यू रूळ ओलांडताना झालेले असतात आणि त्याखालोखाल धावत्या गाडीतून पडून. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ मध्येच या मृत्यूंबद्दल अत्यंत कठोर शब्द वापरले होते. कोणताही सुसंस्कृत समाज हे सहन करू शकत नाही, असा तिचा सूर होता. तेव्हापासून आकडा उतरला आहे, हे मान्य. पण एखाद्या साथीत एकाच शहरात रोज सात माणसे दगावली असती, तर रोज पत्रकार परिषदा झाल्या असत्या.

९ जून २०२५ रोजी सकाळी दिवा आणि मुंब्रा स्थानकांच्या दरम्यान विरुद्ध दिशेने जाणाऱ्या दोन लोकल वळणावर एकमेकींजवळून गेल्या. दोन्ही गाड्यांच्या दारात माणसे लटकलेली होती. त्यांचा एकमेकांना धक्का लागून अनेक जण खाली पडले आणि चार जणांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. या घटनेनंतर पुन्हा तीच मागणी पुढे आली: डबे वाढवा, पंधरा डब्यांच्या गाड्या चालवा. मागणी योग्य आहे. मात्र तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची, याचा हिशेब कोणी मांडत नाही. एखादे औषध बरोबर असते, पण एवढ्या डोसाने ताप उतरणार नाही हेही माहीत असावे लागते. तसेच हे आहे.

चारपासून पंधरापर्यंत

लोकलचे डबे वाढवणे हा उपाय नवा नाही. मुंबईत पहिली विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर धावली, ती चार डब्यांची होती. पुढे आठ झाले. मध्य रेल्वेवर १९६१ मध्ये नऊ आणि १९८६ मध्ये बारा डब्यांच्या गाड्या आल्या. पश्चिम रेल्वेने नोव्हेंबर २००९ मध्ये पहिली पंधरा डब्यांची लोकल चालवली आणि मध्य रेल्वेने ऑक्टोबर २०१२ मध्ये. हार्बर मार्गावरच्या सगळ्या गाड्या बारा डब्यांच्या व्हायला मात्र २०१६ उजाडले. विजेच्या या गाड्या साधारणपणे तीन-तीन डब्यांच्या गटांनी जोडलेल्या असतात, म्हणून आकडा नऊ, बारा, पंधरा असाच वाढतो.

पंधरा डब्यांच्या बाबतीत दोन्ही रेल्वेंची चाल सारखी नाही. पश्चिम रेल्वेने २०२१ मध्ये अंधेरी ते विरार धीम्या मार्गावरही अशा गाड्या सुरू केल्या आणि २०२४ पर्यंत त्यांच्या रोजच्या फेऱ्या दोनशेच्या वर नेल्या. मध्य रेल्वेवर त्याच सुमारास रोजच्या अठराशे फेऱ्यांपैकी पंधरा डब्यांच्या फेऱ्या जेमतेम बावीस होत्या. कारण उघड आहे. डबे विकत घेणे हा त्यातला सोपा भाग. पंधरा डब्यांची गाडी तीनशे मीटरहून लांब असते. तिच्यासाठी प्रत्येक स्थानकाचा फलाट लांबवावा लागतो, सिग्नल हलवावे लागतात, रात्री गाड्या उभ्या करण्याच्या मार्गिका वाढवाव्या लागतात आणि वीजपुरवठ्याची क्षमता बघावी लागते. एखाद्या स्थानकाच्या टोकाला पूल, फाटक, नाला किंवा वळण असेल, तर फलाट वाढवायला जागाच नसते. धीम्या मार्गावरचे एक स्थानक जरी राहिले, तरी त्या मार्गावर गाडी नेता येत नाही. यासाठी फलाट लांबवण्याची कामे हाती घेतली आहेत. ती वेळेत पूर्ण होणे, ही पहिली गरज.

डबे वाढवण्याचा एक फायदा सहसा सांगितला जात नाही. तीन डब्यांमुळे फक्त उभे राहायची जागा वाढत नाही, दारेही वाढतात. लोकलच्या डब्याला एका बाजूला साधारण चार दारे असतात. म्हणजे फलाटावर वीस-तीस सेकंद थांबणाऱ्या गाडीला सुमारे डझनभर जादा दारे मिळतात. प्रत्येक दाराशी चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची झुंबड तेवढी कमी होते. गाडी सुटताना दांड्याला लटकलेली माणसे कमी होतात. पडून होणाऱ्या मृत्यूंचा मोठा भाग दाराशी घडतो, हे लक्षात घेतले तर दारांची ही संख्या बसायच्या बाकांपेक्षा महत्त्वाची ठरते.

चौरस मीटरमध्ये चौदा माणसे

आता गर्दीचे गणित. मुंबईच्या लोकलमध्ये ऐन गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभे प्रवासी असतात, असे रेल्वेच्याच कागदपत्रांत म्हटले आहे. त्यासाठी 'सुपर डेन्स क्रश लोड' असा खास शब्द घडवावा लागला. एक चौरस मीटर म्हणजे सुमारे सव्वातीन फूट लांब आणि तेवढीच रुंद जागा. घरातल्या जमिनीवर खडूने तेवढा चौकोन आखावा आणि त्यात चौदा माणसे कशी मावतील याची कल्पना करावी. सुमारे १,७०० प्रवाशांसाठी असलेल्या नऊ डब्यांच्या गाडीत ४,७०० प्रवासी असत, हा त्याच वस्तुस्थितीचा दुसरा आकडा.

गर्दीचा अभ्यास करणारे सांगतात की, चौरस मीटरला चारपर्यंत माणसे असतील तर प्रत्येकाला स्वतःच्या मर्जीने हलता येते. पाचच्या पुढे ते कठीण होते. सहा-सातच्या पुढे गर्दी पाण्यासारखी वागू लागते. एका टोकाला बसलेला धक्का लाटेसारखा दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि मधल्या माणसाची स्वतःच्या पायांवर सत्ता राहत नाही. भारतातल्या मेट्रोंच्या आराखड्यांत चौरस मीटरला सहा ते आठ उभे प्रवासी ही कमाल गर्दी धरलेली असते. लोकल तिच्या दुप्पट माणसे वाहते.

बाराचे पंधरा डबे झाले की जागा पाव पटीने वाढते. प्रवासी तेवढेच राहिले, तर चौरस मीटरमधल्या चौदा माणसांची अकरा होतात. हा दिलासा खरा आहे. चौदांतली तीन माणसे कमी होणे म्हणजे काय, हे रोज प्रवास करणाऱ्याला सांगावे लागत नाही. पण अकरा ही संख्यासुद्धा सुरक्षित मर्यादेच्या बरीच वर आहे. शिवाय प्रवासी तेवढेच राहत नाहीत. नऊचे बारा डबे झाले तेव्हा जागा एक तृतीयांशाने वाढली होती. गर्दी मात्र उतरली नाही, कारण दरम्यान वस्ती विरार, बदलापूर, पनवेलकडे सरकत गेली आणि मोकळी झालेली जागा काही वर्षांत भरली. पंधरा डब्यांचेही एकट्याने तसेच होईल.

दुसरा उपाय जोडला तर चित्र बदलते. दोन गाड्यांमधले अंतर आज गर्दीच्या वेळी सुमारे तीन मिनिटांचे असते. आधुनिक सिग्नल यंत्रणेने ते अडीच मिनिटांवर आणता आले, तर तासाला वीसऐवजी चोवीस गाड्या जातील. पंधरा डबे आणि चोवीस गाड्या यांचा एकत्र परिणाम म्हणजे जागा दीडपट. चौदाचे सुमारे सव्वानऊ. त्यात कार्यालयांच्या वेळा बदलून गर्दीच्या वेळेतला दर पाचवा प्रवासी तासभर मागे-पुढे झाला, तर साडेसात. म्हणजे मेट्रोच्या कमाल मर्यादेत. हे ढोबळ गणित आहे, पण त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते: कोणताही एक उपाय पुरत नाही, आणि तिन्ही एकत्र केले तर गर्दी माणसाला सोसवेल इतकी खाली येऊ शकते. क्षयरोगावर एकच गोळी देत नाहीत, चार औषधे एकत्र देतात. एकाने काम होत नाही म्हणून. तसेच इथे आहे.

शरीरावर काय होते

गर्दीत शरीराचे काय होते, ते समजून घेतले की या गणिताला अर्थ येतो. श्वास घेताना छातीचा पिंजरा पुढे आणि बाजूला फुगावा लागतो, पोटाचा पडदा खाली सरकावा लागतो. चारही बाजूंनी दाब आला की हे फुगणे आखडते, श्वास उथळ होतो आणि वेग वाढतो. चेंगराचेंगरीत बहुतेक माणसे पायांखाली तुडवली जाऊन मरतात असा समज आहे. प्रत्यक्षात अनेक जण उभ्या-उभ्या छाती दाबली गेल्यामुळे, श्वास न घेता आल्यामुळे दगावतात. लोकलच्या डब्यात दर दोन-तीन मिनिटांनी स्थानक येते आणि दाब थोडा सैल होतो, म्हणून तिथे सहसा ती वेळ येत नाही. पण दमा असलेला, हृदयविकार असलेला किंवा पोटात सहा महिन्यांचे बाळ असलेली स्त्री यांना तेवढा उथळ श्वासही पुरत नाही.

दुसरी गोष्ट घेरी येण्याची. बराच वेळ न हलता उभे राहिले की रक्त पायांत साचते, हृदयाकडे कमी परतते. त्यात उकाडा आणि घामातून गेलेले पाणी. अशा वेळी मेंदूला रक्त कमी पडून भोवळ येते. मोकळ्या जागेत माणूस खाली पडतो, आडवा झाल्यावर रक्त मेंदूकडे जाते आणि तो शुद्धीवर येतो. घेरी म्हणजे एका अर्थी शरीराने स्वतःवर केलेला उपचारच. खच्चून भरलेल्या डब्यात माणसाला पडायलाच जागा नसते. तो उभाच राहतो, आणि शुद्धीवर यायला उशीर लागतो. सकाळी इन्शुलिन किंवा साखरेची गोळी घेऊन नाश्ता न करता निघालेल्या मधुमेहींची साखर अशाच वेळी उतरते.

तिसरे दार. दारात लटकलेल्या माणसाचे वजन मुख्यतः बोटांवर आणि मनगटावर असते. घामाने दांडा निसटता होतो. पाठीवर भरलेली बॅग असेल तर शरीराचा तोल बाहेरच्या बाजूला जातो, आणि वळणावर गाडी कलली की आणखी. आतून आलेला एक धक्का तेवढ्यावर पुरतो. पडणाऱ्याला डोक्याची जबर इजा होते, किंवा चाकाखाली येऊन हातपाय तुटतात. 'आत जागा असून ही पोरे हौसेने दारात उभी राहतात' असे म्हणणे सोपे आहे. काही पोरे तशी असतातही. पण मुंब्र्याला सकाळी कामावर निघालेली माणसे होती, आणि आत शिरणे शक्य असते तर त्यांतल्या बहुतेकांना दारात लटकायचे काही कारण नव्हते.

चौथी गोष्ट हवेची. जगातल्या क्षयरोगाच्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि हा रोग हवेतून पसरतो. आजच्या साध्या लोकलची उघडी दारे जीव घेतात, पण तीच दारे डब्यातली हवा सतत बदलत ठेवतात. मुंब्र्याच्या घटनेनंतर रेल्वेने नव्या सगळ्या गाड्यांना आपोआप बंद होणारी दारे बसवण्याची घोषणा केली. वातानुकूलित नसलेल्या गाड्यांसाठी झडपांसारख्या फटी असलेली दारे, छतावरून बाहेरची हवा आत ढकलणारी यंत्रणा आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाता येईल असा जोडमार्ग, असा आराखडाही मांडला. वैद्यकीय दृष्टीने हा विचार बरोबर दिशेने आहे. बंद दारे पडण्याचे मृत्यू थांबवतील, आणि जोडमार्गामुळे गर्दी डब्यांमध्ये विभागली जाईल. मात्र पूर्ण भरलेल्या डब्यात प्रत्येक माणसामागे किती ताजी हवा मिळते, याची मोजणी गाड्या मार्गावर येण्यापूर्वी आणि आल्यानंतरही झाली पाहिजे. डब्यातल्या हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण मोजणारी छोटी यंत्रे आज स्वस्तात मिळतात. त्यांचे आकडे लोकांना दिसले पाहिजेत.

गाडी लांब, जिना तोच

डबे वाढवताना सर्वाधिक दुर्लक्ष ज्याकडे होते, तो भाग म्हणजे जिना. पंधरा डब्यांची भरलेली गाडी एका मिनिटात काही हजार माणसे फलाटावर सोडते. ती सगळी जुन्याच अरुंद जिन्याकडे वळतात, आणि ती चढायच्या आत मागून दुसरी गाडी येते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर हेच झाले. पाऊस आला म्हणून माणसे पुलावर थांबली, गाड्या येत राहिल्या, मागचा लोंढा वाढत गेला आणि २३ जणांचा जीव गेला. त्यानंतर लष्कराच्या अभियंत्यांना बोलावून काही महिन्यांत नवा पूल उभा केला गेला. म्हणजे पूल काही महिन्यांत होऊ शकतो, हेही तेव्हाच सिद्ध झाले.

अरुंद वाट आणि मागून वाढणारा लोंढा म्हणजे काय, हे सातारा जिल्ह्याला शिकवावे लागत नाही. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यातल्या मांढरदेवीच्या यात्रेत जवळपास तीनशे भाविकांचा मृत्यू झाला. डोंगरावरचे देऊळ आणि मुंबईचे स्थानक यांत साम्य काय, असे कोणी विचारेल. साम्य हे की, दोन्हीकडे पुढे काय झाले ते मागच्या माणसाला दिसत नाही. तो पुढे रेटत राहतो, कारण त्याला वाट मोकळी आहे असेच वाटते. म्हणून चेंगराचेंगरीचा दोष 'बेशिस्त जमावा'वर टाकणे शास्त्राला धरून नाही. दोष वाटेच्या रुंदीचा असतो आणि आत सोडल्या जाणाऱ्या माणसांच्या हिशेबाचा असतो.

यातून व्यवहारातला एक नियम निघतो. ज्या फलाटावर पंधरा डब्यांची गाडी येणार, तिथे लांबवलेल्या टोकाला नवा जिना किंवा पूल आधी झाला पाहिजे. त्याने दुहेरी लाभ होतो. उतरणारे विभागले जातात, आणि चढणारेही. आज जिन्याजवळचे डबे खच्चून भरतात आणि टोकाच्या डब्यांत त्यामानाने जागा असते, कारण माणूस साहजिकच जिन्याजवळ उभा राहतो. वाढवलेले तीन डबे जिन्यापासून सर्वात दूर पडले, तर कागदावर वाढलेली पाव पट जागा प्रत्यक्षात तेवढी वापरली जाणार नाही. शिवाय पूल आणि सरकते जिने सोयीचे असले तर रूळ ओलांडणारे कमी होतात, आणि सर्वाधिक मृत्यू तिथेच होतात, हे विसरता येत नाही.

पडलेल्या माणसासाठी

कितीही सुधारणा झाल्या तरी काही माणसे पडतीलच. त्यांच्यासाठी पहिला तास मोलाचा असतो. तुटलेल्या पायातून होणारा रक्तस्राव काही मिनिटांत जीव घेऊ शकतो. त्या जागी घट्ट दाब देणे, गरज पडली तर जखमेच्या वर पट्टा आवळणे, मान न हलवता उचलणे, हे स्थानकावरच्या प्रत्येक पोलिसाला, हमालाला आणि फलाटावरच्या विक्रेत्याला आले पाहिजे. काही स्थानकांवर आपत्कालीन वैद्यकीय कक्ष आहेत. डबे वाढवण्याच्या खर्चात ते गर्दीच्या प्रत्येक स्थानकावर उघडण्याचा खर्चही धरावा. रेल्वेच्या १३९ आणि रुग्णवाहिकेच्या १०८ या दोन क्रमांकांची माहिती गावाकडून नव्याने मुंबईला गेलेल्या मुलाकडे असतेच असे नाही. घरच्यांनी ती द्यावी.

घरच्यांना आणखी एक गोष्ट माहीत असावी. धावत्या गाडीतून अपघाताने पडणे ही रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १२४-अ नुसार भरपाईला पात्र ठरणारी घटना आहे. मृत्यूसाठी भरपाईची रक्कम २०१७ पासून ८ लाख रुपये आहे. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे साधारणतः एका वर्षाच्या आत करावा लागतो. जवळ वैध तिकीट किंवा पास असणे महत्त्वाचे. पण अंगावर तिकीट सापडले नाही एवढ्यानेच दावा बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. रूळ ओलांडताना झालेल्या मृत्यूला मात्र हे संरक्षण मिळत नाही. दुःखात बुडालेल्या घराला कागद गोळा करण्याचे भान राहत नाही, म्हणून गावातल्या जाणत्या माणसाने हे लक्षात ठेवावे.

आपला मार्गही तपासा

मुंबईला लागू होणारे हे गणित पुणे-मिरज मार्गालाही लागू आहे. मिरज हे शंभराहून अधिक वर्षे वैद्यकीय उपचारांचे गाव आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून सातारा, कोल्हापूर आणि उत्तर कर्नाटकातले रुग्ण रेल्वेने मिरजेला येत आले आहेत. डायलिसिससाठी, कर्करोगाच्या उपचारासाठी येणारा रुग्ण साध्या डब्यात उभ्याने येतो, तेव्हा त्याच्या उपचाराची सुरुवातच त्रासाने होते. सणासुदीला आणि यात्रेला मुंबईहून येणाऱ्या गाड्यांच्या साध्या डब्यांची अवस्था लोकलहून वेगळी नसते. या मार्गाचे विद्युतीकरण आणि दुपदरीकरण झाल्याने अधिक आणि लांब गाड्या चालवणे आता शक्य आहे. तिथे साधे डबे वाढवणे आणि बुटक्या फलाटांची उंची वाढवणे ही मागणी इथल्या प्रवासी संघटनांनी आरोग्याच्या भाषेत मांडली, तर तिचे वजन वाढेल.

मोजल्याशिवाय उपचार नाही

टोकियोची गर्दी एके काळी जगभर कुप्रसिद्ध होती. प्रवाशांना आत ढकलणारे कर्मचारी तिथलेच. १९७५ मध्ये तिथल्या ३१ मुख्य मार्गखंडांवर गर्दीचे सरासरी प्रमाण २२१ टक्के होते. २०१९ मध्ये ते १६३ टक्के झाले. त्यासाठी गाड्या लांबवल्या, मार्गिका वाढवल्या, नवे मार्ग काढले, कामाच्या वेळा विभागल्या. या सगळ्याच्या मुळाशी एक साधी सवय होती. तिथले सरकार दरवर्षी प्रत्येक मुख्य मार्गाचे गर्दीचे प्रमाण जाहीर करते. मोजमापही सामान्य माणसाला समजेल असे आहे: शंभर टक्के म्हणजे प्रत्येकाला बसायला जागा किंवा धरायला कडी, १८० टक्के म्हणजे घडी घातलेले वर्तमानपत्र वाचता येईल एवढी जागा, २५० टक्के म्हणजे हातही हलवता येत नाही. मार्गाचे उद्दिष्टही याच मोजमापात ठरते.

आपल्याकडे डबे किती वाढले, फेऱ्या किती वाढल्या, हे सांगितले जाते. गर्दी किती उतरली, हे सांगितले जात नाही. डॉक्टराने किती गोळ्या दिल्या हे सांगावे आणि ताप किती हे सांगूच नये, तसा हा प्रकार आहे. म्हणून पंधरा डब्यांच्या प्रत्येक नव्या गाडीबरोबर तीन आकडे दरवर्षी जाहीर व्हावेत: त्या मार्गावर गर्दीच्या तासात चौरस मीटरला किती प्रवासी, पडून किती मृत्यू आणि किती जायबंदी, आणि रूळ ओलांडताना किती. पहिला आकडा चौदावरून आठच्या खाली आणण्याचे आणि उरलेले दोन निम्म्यावर आणण्याचे वर्ष ठरवून द्यावे.

ही मागणी करण्याचा हक्क फक्त मुंबईच्या खासदारांना नाही. सातारा आणि सांगलीचे खासदारही त्याच संसदेत बसतात, आणि त्यांच्या मतदारांची मुले त्याच लोकलच्या दारात उभी असतात. अर्थसंकल्पाच्या चर्चेत आपल्या स्थानकाला थांबा मागताना, मुंबईच्या गर्दीचे हे तीन आकडेही त्यांनी मागितले पाहिजेत.